चांदोबाकडे बोट

‘याचा बापही उशिराच बोलला होता,’ हे वाक्य आपल्या घरांत फार चालते. बँकेत उमेद घालवल्यामुळे मुदत टळण्याची किंमत मला ठाऊक आहे. इथे ती मूल मोजते. वर्षाचे बाळ हाकेला वळत नाही, दीड वर्षाचे होऊनही चांदोबाकडे बोट दाखवत नाही, आलेले शब्द हरवते, तर बालरोगतज्ज्ञांना गाठावे, कानही तपासावेत. ही स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची लक्षणे असू शकतात; लवकर मिळालेल्या मदतीने संवाद सुधारतो. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले. पुढे दोष आईच्या कोरडेपणाला दिला गेला. तो समज केव्हाच खोटा ठरला. तेव्हा आजी-आजोबांनो, सुनेला बोल लावू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात चला.