चाकण विरुद्ध होसूर, मधे राईचा रस्ता

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला निघालेला रस्ता मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे घेत डोंगरीकडे जातो. आसपास मिठागरांची जमीन, खारफुटी, रस्त्याला खेटून घरे आणि दुकाने. उत्तनची मासळी घेऊन येणारे टेम्पो, पालिकेची बस, रिक्षा, आणि रविवारी पहाटे टाकीवर पोट टेकवून सुसाट निघालेली पोरे. या पोरांत हटकून रंगणारा वाद दोन गाड्यांचा असतो. एक केटीएम आरसी ३९०, दुसरी टीव्हीएस अपाचे आरआर ३१०. पहिली पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, दुसरी तमिळनाडूत होसूरला. दोन्ही ‘रोडवर आणि ट्रॅकवर’ चालणाऱ्या म्हणून विकल्या जातात. त्यातला ‘रोड’ कुठला, हे मात्र कोणी सांगत नाही.

कारण मुंबईच्या दुचाकीस्वाराला वेगाचे रस्ते बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर नाही. २०२४ साली सुरू झालेल्या अटल सेतूवर नाही आणि किनारी रस्त्यावरही नाही. समृद्धी महामार्गावरही मज्जाव. जिथे परवानगी आहे तिथेही २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारसायकलची कमाल मर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, पालिका हद्दीत ६० ठरवली. दीडशेच्या पुढे सहज जाणारी गाडी घेऊन पुण्याला जायचे तर जुना बोरघाट धरायचा आणि ट्रकच्या मागे रांगायचे. मीटरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून चाललेले भांडण म्हणूनच मला पोकळ वाटते.

तरी आकडे बघूच. आरसी ३९० भारतात सप्टेंबर २०१४मध्ये आली, आरआर ३१० डिसेंबर २०१७मध्ये. गंमत म्हणजे दोघींची उतरतानाची शोरूम किंमत एकच होती, २ लाख ५ हजार. आरसीचे इंजिन ३७३ सीसी, एकच सिलिंडर, ताकद ४३.५ पीएस. आरआरचे ३१२ सीसी, तेही एकाच सिलिंडरचे. सुरुवातीला त्याची ताकद ३४ पीएस होती, २०२४च्या आवृत्तीत ३८ झाली. पेट्रोलसह वजन १७२ आणि १७४ किलो, म्हणजे जवळपास सारखेच. एका पीएसच्या वाट्याला आरसीवर चार किलोहून थोडे कमी ओझे येते, आरआरवर साडेचारच्या वर. पिकअपमध्ये आरसी पुढे, याबद्दल वाद नको.

पण आरआरची रचना जवळून बघण्यासारखी आहे. २०१३मध्ये टीव्हीएसने बीएमडब्ल्यूशी करार केला आणि त्यातून हे इंजिन जन्माला आले. नेहमीच्या गाडीत सिलिंडर सरळ उभा असतो किंवा पुढे झुकतो, इथे तो मागे झुकलेला आहे. हवा पुढून आत येते आणि सायलेन्सरची नळी मागून निघते, त्यामुळे ती इंजिनाला पुढून वळसा घालत नाही. इंजिन पुढच्या चाकाकडे सरकवता आले आणि चाकांमधले अंतर १३६५ मिलिमीटरवर ठेवूनही मागचे चाक धरणारा स्विंगआर्म लांब करता आला. वळणात गाडी ठाम राहते ती यामुळे. ताकद कमी असूनही आरआरवरच्या माणसाला वळणात भीती कमी वाटते, असे माझे मत आहे. आरसी उलट स्वभावाची. ती मान खाली घालून धावायला लावते आणि चुकीला फार सवलत देत नाही.

ट्रॅकवर या गोष्टींना अर्थ येतो. महाराष्ट्रात मोटारसायकल शर्यतीची परंपरा आहे ती मुख्यतः मातीतली. कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगच्या मापाचा. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या, तिथे मात्र वळण हा प्रकारच नाही. खरी परीक्षा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, १९९०पासूनच्या पावणेचार किलोमीटरच्या ट्रॅकवर. टीव्हीएसची आरआर शर्यत तिथे चालते आणि केटीएमनेही आपला आरसी कप तिथे भरवला.

जागतिक पातळीवरही ‘कोणती गाडी सरस’ हे कागदावरून ठरत नाही. २०१७पासून सुपरस्पोर्ट ३०० ही जागतिक स्पर्धा सुरू झाली. तिथे एका सिलिंडरची आरसी, दोन सिलिंडरच्या कावासाकी आणि यामाहा एकत्र धावत. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून आयोजक प्रत्येक मॉडेलचे किमान वजन आणि इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वेगळी ठरवून देत. २०१८मध्ये स्पेनच्या आना कारास्कोने कावासाकीवर विजेतेपद मिळवले. सर्किटवर एकट्या स्वाराच्या मोटारसायकलची विश्वविजेती ठरलेली ती पहिली स्त्री.

ताकदीला ब्रेकची जोड नसली तर काय होते, ते आपल्याकडच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. १९८३मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पण परदेशी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक काढून इथे ड्रम दिला. आज तिच्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. मी तिच्या आवाजाचा चाहता आहे, ब्रेकचा नाही. त्या मानाने आजच्या दोन्ही गाड्या सुरक्षित. एबीएस तर आता सक्तीचाच आहे. २०२२च्या आरसीला वळणात गाडी कललेली असतानाही काम करणारा एबीएस आणि चाक घसरू न देणारी यंत्रणा मिळाली.

आता पुन्हा राईत येऊ. इथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. बसच्या मागे अडकलात की खाली झुकलेल्या हँडलवर सगळा भार मनगटांवर येतो. हँडल फार वळत नाही, त्यामुळे टेम्पो आणि ओट्याच्या मधून गाडी काढताना एक पाय टेकवावाच लागतो. आरसीची सीट ८२४ मिलिमीटर उंच, आरआरची ८१०. बुटक्या माणसाला हे १४ मिलिमीटर सिग्नलवर कळतात. आरआरमध्ये २०२०पासून रेस न देता, नुसता क्लच सोडून रांगण्याची सोय आहे. शिवाय ‘अर्बन’ मोडमध्ये त्या वर्षीच्या गाडीची ताकद २५.८ पीएसवर येते. रेसिंगवाले या मोडला हसतात. भाईंदरच्या गर्दीत तोच कामाचा. आरसीचे इंजिन कमी फेऱ्यांवर धक्के देते आणि तापल्यावर पंख्याची गरम हवा पायांवर येते. पहिल्या पिढीत हे फार होते, पुढे कमी झाले.

खाऱ्या वाऱ्याचे काही कोणत्याच जाहिरातीत नसते. खाडीकाठी चेन, बोल्टची डोकी आणि डिस्कच्या कडा भराभर गंजतात. पावसाळ्यात तर चेन धुऊन तेल लावायचे काम आठवड्याला लागते. यात दोन्ही गाड्या सारख्याच लाडावलेल्या.

माझा कौल असा. वर्षातून दोनदा तरी चेन्नईला जाऊन ट्रॅकवर गाडी चालवणार असाल, तर आरसी घ्या. चाकणच्या गाडीची धार तिथेच वसूल होते. बाकीचे दिवस राई ते स्टेशन आणि कधीतरी माळशेज, एवढाच पल्ला असेल तर आरआर बरी. आज ती आरसीहून स्वस्त पडते, आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर, पूर्ण हेल्मेट, हातमोजे आणि पाठीला आधार देणारे जॅकेट येते. आणि विक्रेत्याकडे ट्रायल मागाल तेव्हा रविवारी पहाटेची मागू नका. संध्याकाळी सातची मागा, आणि गाडी स्टेशनच्या बाजूने न्या.