तापमान वाढवत नेलं तर वीज वाढतच जाते का?

शिर्डीला प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या आहेत. त्या सूर्यप्रकाश एकवटून पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर स्वयंपाक होतो. तिथे उष्णता मिळाली की काम झालं. पण त्याच उष्णतेपासून वीज करायची म्हटलं की कार्नो मध्ये येतो: तापमान जितकं जास्त, तितकी इंजिनाची कार्यक्षमता जास्त.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एवढंच सांगून मोकळा झालो होतो. मागून एका सिनियरने विचारलं, "आणि तुझा रिसीव्हर बाहेर किती टाकतोय?" मी गप्प.

रिसीव्हर म्हणजे एकवटलेला प्रकाश झेलणारा काळा पृष्ठभाग. तो तापला की स्वतःही विकिरण सोडतो, आणि ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. आता वही काढा, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही (माझ्या तरी बसलं नाही).

थेट ऊन दर चौरस मीटरला १,००० वॅट धरा, आरशांनी ते १०० पट केलं, म्हणजे १ लाख वॅट. वारा, आरशांची धूळ वगैरे सध्या सोडून द्या. ३९० अंश सेल्सिअसला, म्हणजे ६६३ केल्विनला, आदर्श काळा पृष्ठभाग सुमारे ११,००० वॅट परत फेकतो. उरले ८९ टक्के. परिसर ३०० केल्विन धरला तर कार्नो ५५ टक्के. गुणाकार ४९ टक्क्यांच्या आसपास. तापमान वाढवत नेलं तर सुमारे ४५० अंशांना हा गुणाकार सर्वांत जास्त होतो, मग घसरतो. ८८० अंशांच्या आसपास तर आलेलं सगळं विकिरण तसंच परत जातं. कार्नो छान, हाती मात्र शून्य!

प्रकाश १,००० पट केला तर तोच शिखरबिंदू ८०० अंशांच्या पुढे सरकतो. मनोऱ्यावर रिसीव्हर ठेवून भोवती शेकडो आरसे लावतात ते याचसाठी. पण तिथे उष्णता वाहून नेणारं आणि साठवणारं वितळलेलं नायट्रेट मीठ साधारण ५६५ अंशांपर्यंतच वापरतात, कारण त्याहून फार वर ते विघटित होऊ लागतं. आरशांच्या लांब पन्हाळींमधल्या कृत्रिम तेलाचं तेच दुखणं ४०० अंशांजवळ. म्हणजे प्रकाश वर जायला तयार आहे, पदार्थ तयार नाहीत. माझ्या मते विषय शोधणाऱ्याने इथेच बघावं.

एक गणित तुमच्यासाठी. पृष्ठभागावर असा लेप द्या जो ९५ टक्के ऊन शोषतो, पण उष्ण विकिरण काळ्या पृष्ठभागाच्या फक्त दहाव्या हिश्श्याइतकंच सोडतो. १०० पटीच्या आरशांवर शिखरबिंदू कुठे जातो ते काढा. मला उत्तर आलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं.