विणकराचा धंदा व मताचा हक्क : जाफराबादच्या सरहद्दीवरून

कारखाने परदेशीं गेले म्हणजे मागें राहिलेला कामकरी आपलें मत कोणास देतो, हा प्रश्न सध्यां वर्तमानपत्रांतून वारंवार चर्चिला जातो. चीन देश २००१ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत दाखल झाला व अमेरिकेंतील पुष्कळ कारखान्यांचें काम तिकडे गेलें. पुढें २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकींत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन व विस्कॉन्सिन या जुन्या कारखानदारीच्या संस्थानांनीं आपला कौल फिरविला, आणि विद्वान लोक या दोन गोष्टींचा संबंध जोडूं लागले. जुन्या कागदांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय आपला नव्हे असें वाटण्याचा संभव आहे. आमचें मत उलट आहे. धंदा समुद्रापलीकडे जाण्याची गोष्ट आपल्याकडे दोनशें वर्षांची जुनी असून, तिचा माग लावण्यास मराठवाडा व वऱ्हाड यांच्या सरहद्दीवरील जाफराबादेसारखें ठिकाण फार सोयीचें आहे. कारण तेथील धंदा गेला तेव्हां तेथें कोणासच मत नव्हतें. ज्यांच्याकडे तो गेला त्यांस मात्र तें होतें.

जाफराबाद हा कसबा पूर्णा व खेळणा या नद्यांच्या संगमावर वसला आहे. याच खेळणेच्या कांठीं, वरच्या अंगास, ता. २३ सप्टेंबर १८०३ (शके १७२५) रोजीं असईची लढाई झाली. ती सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत विषयास तिच्याहून अधिक उपयोगी असा कागद तिच्या आदल्या वर्षाचा, म्हणजे निजाम व इंग्रज कंपनी यांजमधील १८०२ चा व्यापारी तह होय. त्याअन्वयें मालावरील जकात शेंकडा पांच ठरली. निजामाच्या मुलखांत जकातीच्या खात्यास करोडगिरी म्हणत. या तहामुळें विलायती मालावर भारी जकात बसवून देशी धंदा राखण्याची वाट करोडगिरीस बहुतेक बंद झाली. पुढें १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें आणि जाफराबाद सरहद्दीचें गांव बनलें. पूर्वेस कांहीं कोस चाललें कीं बुलढाणा जिल्हा, म्हणजे इंग्रजी अंमल, इकडे निजामशाही. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ सालीं पोंचली, खामगांवची कापसाची शाखा १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें खुली झाली, आणि १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रस्ता जालन्यावरून निघाला. गाडी कापूस घेऊन जाई व कापड घेऊन येई.

गेलें तें नक्की काय, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे. विलायती कापडानें विणकर मेला असें आपण सर्वत्र वाचतों, पण तें अर्धेंच खरें आहे. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर यंत्राच्या स्वस्त सुतावर कित्येक पिढ्या तग धरून राहिले. पैठणास हातमाग आजही चालू आहेत. समूळ गेलें तें सूत कांतण्याचें काम. तें घरोघरच्या बायकांचें, त्यांतही विधवांचें व वृद्धांचें होतें. मागावर मोहतर्फा बसे, म्हणून विणकराचें नांव कराच्या यादींत सांपडतें. चरखा बहुधा कराबाहेर राही, म्हणून कांतणारीचें नांव कोठें सांपडत नाहीं. बंगाल्यांत शांतिपूरच्या एका विधवेचें पत्र १८२८ सालीं ‘समाचार दर्पण’ पत्रांत छापलें गेलें; विलायती सुतानें आपली मिळकत कशी बुडाली हें तिनें त्यांत मांडलें आहे. एका व्यक्तीचें एक पत्र एवढें मोलाचें ठरावें, यावरूनच या वर्गाची बाकीची नोंद किती तुटपुंजी आहे हें ध्यानांत येईल.

आतां दुसरी बाजू पाहूं. मँचेस्टर शहरास पार्लमेंटांत प्रतिनिधि पाठविण्याचा हक्क १८३२ च्या कायद्यानें मिळाला, आणि १८६७ च्या कायद्यानें शहरांतील पुष्कळ कामकऱ्यांसही मत मिळालें. यानंतरचा हिंदुस्थानच्या जकातीचा इतिहास पुढें ठेवला म्हणजे मताचें वजन दिसूं लागतें. १८७७ च्या जुलैंत कॉमन्स सभेनें हिंदुस्थानांतील कापडावरील जकात उठवावी असा ठराव केला. १८७९ सालीं लॉर्ड लिटननें स्वतःच्या कौन्सिलाचें बहुमत बाजूस सारून जाड्या कापडावरील जकात माफ केली. १८८२ सालीं रिपनच्या कारकीर्दींत उरलेलीही गेली. १८९४ सालीं खजिन्यांत तूट आली तेव्हां जकात पुन्हां बसवावी लागली. पण लँकेशायरांत ओरड झाली, १८९५ च्या निवडणुकींत हा प्रश्न तेथें प्रचारांत आला, आणि १८९६ सालीं जकात साडेतीन टक्क्यांवर उतरवून तेवढाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर लादण्यांत आला. सूत तर जकातमुक्तच झालें. हातमागास हा कर नव्हता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु जाफराबादच्या बाजारांत येणारें परदेशी सूत मुंबई बंदरांतूनच येई, आणि त्या बंदरावर काय घ्यावें हें ठरविण्यांत ज्यांच्या मताचा उपयोग झाला ते मतदार मँचेस्टर व ओल्डहॅम येथें राहत होते. गिरण्यांवरील तो कर १९२५ च्या अखेरीस तहकूब होऊन १९२६ सालीं रद्द झाला.

तेथील बायकांसही त्या काळीं मत नव्हतें. तथापि १९०१ सालीं लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील २९,००० हून अधिक कामकरी स्त्रियांनीं मताच्या हक्कासाठीं पार्लमेंटाकडे अर्ज केला. एका छपराखालीं काम करणाऱ्यांस सह्या गोळा करितां येतात. आपापल्या ओसरीवर चरखा फिरविणारीस तें कसें साधावें?

पुढें लँकेशायरावरही हीच पाळी आली. जपानी कापड, हिंदी गिरण्या व स्वदेशीची चळवळ यांमुळें तेथील माग बंद पडूं लागले. १९३१ च्या सप्टेंबरांत महात्मा गांधी डार्वेन येथें जाऊन बेकार कामकऱ्यांस भेटले. पुढच्याच महिन्यांत निवडणूक होऊन साऱ्या ब्रिटनांत मजूर पक्षाचे अवघे ५२ सभासद उरले, आणि १९३२ सालीं इंग्लंडनें आपलें जुनें खुल्या व्यापाराचें धोरण सोडिलें. हें सर्व कापडामुळेंच झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्या वर्षीं सर्व जगांतच मंदी होती. पण मत असलेला बेकार राज्यकर्त्यांस दिसतो, एवढें खास.

सरहद्दीपलीकडे वऱ्हाडांत मत आलें तें १९१९ च्या सुधारणांनीं. येथें एक मौज आहे. कायद्यानें वऱ्हाड निजामाचेंच असल्यामुळें तेथें निवडून आलेल्या सभासदांची मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलांत रीतसर नेमणूक करावी लागे. म्हणजे निवडणूक होई, पण कागदोपत्रीं सभासद नेमलेला ठरे. हे कागद चाळतांना ‘नेमलेला’ हा शब्द पाहून फसूं नये. मताची पात्रता मालमत्तेवर, खेड्यांत मुख्यतः सारा व जमीन यांवर अवलंबून होती. त्यामुळें पेटीपर्यंत पोंचला तो कापूस पिकविणारा; तो विणणारा किंवा कांतणारी क्वचितच. या दोहोंचें हित एक नव्हतें. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें ब्रिटनबाहेरच्या कापडावर शेंकडा ७५ जकात बसवितांच जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारांत जपाननें किती कापूस घेतला म्हणजे किती कापड पाठवावें याचें प्रमाण ठरविण्यांत आलें. ज्या जकातीनें गिरणीकामगाराचें काम राखिलें तिनेंच वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा भाव पाडला. ‘स्थानिक मत’ असा शब्द लिहितांना कोणाचें मत, हें विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

जाफराबादेकडे याच वेळीं काय होतें? अरवमुदु अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून १९३९ सालीं निजाम सरकारनें जी सुधारणा जाहीर केली तींत प्रतिनिधित्व प्रदेशावर नव्हे तर धंद्यांच्या हितसंबंधांवर बेतलें होतें. कागदावर ही योजना आमच्या विषयास मोठी अनुकूल दिसते. परंतु कायदेमंडळास खरी सत्ता नव्हती, आणि १९४६ च्या निवडणुकींवर स्टेट काँग्रेसनें बहिष्कार टाकिला. जाफराबादच्या सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांनीं प्रथम मत दिलें तें १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत. तोंपर्यंत चरखा जाऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या होत्या. ज्या आजीचा धंदा गेला तिच्या नातीच्या हातीं मतपत्रिका आली. त्या मतांत जुन्या नुकसानीचा पडसाद शोधणें व्यर्थ होय.

मत हातीं असतांना धंदा जाण्याचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण मुंबईच्या गिरणगांवाचें. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. पुष्कळ गिरण्या पुन्हां नीट चालल्याच नाहींत. काम गेलें तें मात्र समुद्रापलीकडे नव्हे, बव्हंशीं भिवंडी-सुरतेच्या यंत्रमागांवर. १९८४ च्या लोकसभा निवडणुकींत मुंबईच्या बाकी सर्व जागा काँग्रेसनें घेतल्या असतां दक्षिण-मध्य मुंबईनें संपाचे पुढारी दत्ता सामंत यांस निवडून दिलें. येथें धंदा व मत यांचा सांधा स्पष्ट दिसतो. पण गिरणगांवानें जुन्या लाल बावट्याकडे पाठ फिरविली ती गिरण्या बंद पडल्यामुळें, हें जें नेहमीं लिहिलें जातें, तें तारखांशीं जुळत नाहीं. परळची पोटनिवडणूक जिंकून शिवसेनेचे वामनराव महाडिक विधानसभेंत गेले तें १९७० सालीं, संपाच्या बारा वर्षें आधीं. आधीं काय घडलें व मागून काय, हें पाहण्याची आपल्या शास्त्रांतील साधी संवय आजच्या राजकारणाच्या चर्चेसही उपयोगी पडावी.

राहतां राहिला साधनांचा प्रश्न. मतपेटी नव्हती त्या काळासाठीं दुसरे कागद पाहिले पाहिजेत. सनदा व वतनपत्रें संग्राहक जपून ठेवितात, पण सावकाराच्या मोडी वह्या रद्दींत जातात. सूत व कापड यांच्या खरेदीच्या नोंदी, करोडगिरीचे दाखले व मोहतर्फ्याच्या याद्या यांतून एखाद्या कसब्यांत देशी सुताची खरेदी केव्हां थांबली व पेठेंत विलायती सुताचे गठ्ठे केव्हां दिसूं लागले, हें वर्षवार लावितां येईल. जाफराबाद, भोकरदन, देऊळगांव राजा व चिखली या टापूंतील घराण्यांत अशा वह्या असल्यास त्यांची पानें सुटीं करूं नयेत.