उतारावरची वाटणी

राजगुरुनगरला रेल्वे नाही. जवळच्या चाकण पट्ट्यातली मोटार रेल्वेने पाठवायची तर ती आधी रस्त्याने चिंचवडसारख्या स्थानकावर न्यावी लागते. तिथे अख्खी गाडी मोटारींनीच भरते आणि एकाच मुक्कामी निघते. साधारण 1980 पर्यंत असे नव्हते. एकाच मालगाडीत एक वाघीण नागपूरची, दुसरी दिल्लीची, तिसरी हावड्याची असे. ही सरमिसळ मार्शलिंग यार्डात निवडली जाई. नागपूर-हावडा आणि इटारसी-दिल्ली हे मार्ग भुसावळला फुटतात, म्हणून तिथे असे मोठे यार्ड उभे राहिले.

गाडी आली की ट्रेन क्लार्क वाघिणींचे क्रमांक व लेबले टिपून कुठली वाघीण कुठल्या रुळावर जाणार, ते ठरवी. मोठ्या यार्डांत ‘हंप’ नावाचा उंचवटा असे. शंटिंगचे इंजिन गाडीला मागून हळूहळू वर ढकली, माथ्यावर कपलिंग सुटे आणि वाघीण आपल्याच वजनाने खाली घरंगळे. सांधा बदलून तिला नेमक्या रुळावर घेतले जाई.

घर्षण नसते, तर तीन मीटर उतरलेली वाघीण, भरलेली असो वा रिकामी, ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने धावली असती. प्रत्यक्षात रिकामीला तिच्या वजनाच्या मानाने जास्त विरोध होतो, म्हणून ती लवकर थांबते. भरलेली मात्र पुढच्या वाघिणींवर आदळण्याची भीती. तिला आवरायला चाके दाबणारे रिटार्डर, रुळावरचे स्किड किंवा हातब्रेक असत.

या कामाला वेग नको, जोर हवा; आणि वेग कमी असला की तेवढ्याच जोराला कमी अश्वशक्ती पुरते. म्हणून मुख्य मार्गावरचे डब्ल्यूडीएम-2 इंजिन 2600 अश्वशक्तीचे, तर शंटिंगचे डब्ल्यूडीएस-4 फक्त 600-700 चे. वाफेच्या इंजिनासारखा या डिझेल इंजिनाला कोळसा-पाण्याचा खोळंबा नव्हता आणि यार्डातल्या प्रत्येक रुळावर विजेची तारही लागत नव्हती.

तरीही वाघीण यार्डायार्डांत रखडे. 1980 च्या दशकात रेल्वेने पूर्ण रेक, म्हणजे अख्खी गाडी, थेट मुक्कामी नेण्यावर भर दिला आणि ही यार्डे मागे पडली. मात्र ज्याच्याकडे जेमतेम दोन वाघिणींचा माल, तो ट्रककडे वळला. निवडीचे काम संपले नाही, ते महामार्गांलगतच्या गोदामांत गेले. चाकण-राजगुरुनगरपर्यंत कधी रूळ आलेच, तर तिथे जुन्या पद्धतीचे यार्ड नको. छोट्या कारखान्यांचा माल कंटेनरमध्ये एकत्र करून पूर्ण रेक भरणारे टर्मिनल हवे. नाहीतर रेल्वे दारात येऊनही लहान उद्योजक ट्रकचेच भाडे मोजत राहील.