स्वयंपाकघराची सुधारणा : थोडा खर्च, घरचे हात

घर बांधतांना जिचा विचार सर्वांत शेवटीं होतो आणि बांधून झाल्यावर जिच्यांत सर्वांत अधिक काम होतें, ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. दिवाणखान्याची रुंदी ठरते, देवघराची दिशा ठरते, जिन्याची जागा ठरते. मग जें कांहीं उरेल त्यांत ओटा बसवावयाचा, असा आपला रिवाज. २०१९ सालीं केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामीं दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें जातात, तर पुरुषांचीं ९७, असें तींत आढळून आलें. या पांच तासांतील केवढा भाग ओट्यापुढें जातो, हें सांगावयास दुसऱ्या पाहणीची जरूरी नाहीं. तेव्हां या खोलीचा प्रश्न शोभेचा नसून पाठीचा, डोळ्यांचा आणि श्वासाचा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

स्वयंपाकघर सुधारावयाचें म्हटलें कीं हल्लीं तयार कपाटांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. रंगीत दारें, सरकणारे खण, चकचकीत मुठी! लहानशा खोलीसही हा थाट लाख-दीड लाख रुपयांच्या आंत सहसा बसत नाहीं. आणि भाड्याच्या घरांत तर निघतांना तो घरमालकास अर्पण करून जावें लागतें. शिवाय इतकें करूनही ओटा चुकीच्या उंचीचा राहिला आणि विळीवर स्वतःचीच सांवली पडत राहिली, तर काम करणाऱ्याच्या पदरीं काय पडलें? म्हणून आज सांगावयाचें तें एवढेंच कीं, आधीं मांडणी सुधारावी, मग खरेदी करावी. या मांडणीचा बहुतेक भाग घरच्या माणसांना सुटीच्या चार दिवसांत स्वतःच्या हातांनीं सुधारतां येतो.

छत्रपति संभाजीनगरच्या श्रोत्यांना याचा दाखला शोधावयास दूर जावें लागत नाहीं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांतील पाणचक्की आपण सर्वांनीं पाहिली आहे. झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून कांहीं मैल आणून, तें उंच भिंतीवरून खालीं सोडून, त्या धारेच्या जोरावर तेथें जातें फिरविलें जात असे आणि फकीर-प्रवाशांसाठीं पीठ दळलें जात असे. तेथें बैल नव्हता, कीं इंधन नव्हतें. पाणी योग्य उंचीवर नेऊन ठेवलें, एवढ्यानेंच काम झालें. वस्तु कोठें आणि किती उंचीवर असावी, या प्रश्नाचें नेमकें उत्तर सांपडलें म्हणजे अर्धे श्रम वांचतात.

स्वयंपाकघरापुरता याच प्रश्नाचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनीं केला. कारखान्यांत कामगारांच्या हालचाली मोजतात, तशा त्यांनीं स्वयंपाकघरांतील फेऱ्या मोजल्या. पुढें १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनीं जर्मनींतील फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं अदमासें सव्वासहा फूट रुंद व अकरा फूट लांब एवढेंच स्वयंपाकघर आंखलें. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील स्वयंपाकघर हा त्यांचा नमुना. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें झालीं. त्यांत एक उणेंही होतें. एकच माणूस मावेल एवढी ती खोली असल्यामुळें दुसऱ्यास मदतीला येण्यास जागाच उरली नाहीं. आपण त्यांचें मोजमाप घ्यावें, तो एकटेपणा मात्र घेऊं नये. सिडकोचें लहान घर असो वा गुलमंडीकडील जुना वाडा असो, ओट्यापाशीं दोन माणसें उभीं राहतील एवढी जागा मोकळी ठेवणें हीसुद्धां सुधारणाच होय.

आतां आरंभ कोठून करावा? प्रथम एक दिवस नुसतें पाहावें. घरांतील एखाद्या मुलानें वही-पेन्सिल घेऊन दाराशीं बसावें. स्वयंपाक करणारें माणूस किती वेळां वांकलें, किती वेळां टाचा उंचावून वरचा डबा काढला, पिठाचा डबा, मोरी आणि शेगडी यांमध्यें किती फेऱ्या झाल्या, याच्या रेघा ओढाव्या. ज्या ओळींत रेघा अधिक तें काम पहिलें. ही वही हेंच आपलें अंदाजपत्रक. तिच्यावांचून बाजारांत गेल्यास डोळ्यांस आवडलेली वस्तु घरांत येते, हवी असलेली येत नाहीं.

पहिली गोष्ट उंचीची. ओट्यापुढें ताठ उभें राहून कोपर काटकोनांत वांकवावें. ओट्याचा पृष्ठभाग कोपराच्या खालीं सुमारें चार इंच असला म्हणजे चिरणें सुखाचें होतें. कणीक मळतांना जोर द्यावा लागतो, म्हणून तेथें आणखी दोन-तीन इंच खालीं हवें. शेगडी स्वतःच चार-पांच इंच उंच आणि तिच्यावर पातेलें. तेव्हां तिची जागा तर चिरण्याच्या जागेहून ठेंगणीच हवी. पांच फूट उंचीच्या स्त्रीस चिरण्यासाठीं ३४ इंचांच्या आसपास व मळण्यासाठीं ३१-३२ इंच उंची सोयीची पडते. एकच दगडी ओटा या तिन्ही कामांना कसा पुरावा? पण त्यासाठीं तो फोडण्याचें कारण नाहीं. ओटा ठेंगणा असेल तर चिरण्याच्या फळीस खालून लांकडी ठोकळे जोडून ती उंच करावी. ओटा उंच असेल तर पायांखालीं दोन इंच जाडीचा, न डगमगणारा लांकडी पाट घालावा. मात्र तो ओट्याच्या पूर्ण लांबीचा असावा, नाहींतर पाऊल चुकण्याचें भय. आणि गुडघे साथ देत असतील तर परात घेऊन खालीं बसून मळण्याची आजीची रीति मुळींच मागासलेली नाहीं. तींत खांद्यांचा भार आपोआप कणकेवर पडतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. बहुतेक घरांत दिवा छताच्या मध्यभागीं आणि ओटा भिंतीशीं असतो. म्हणजे उभ्या माणसाची सांवली नेमकी चिरण्याच्या जागीं पडते. शंभर-दीडशें रुपयांचा नऊ वॅटचा एल्ईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याहून कमी उजेड देत नाहीं. तो डोक्याच्या मागें न ठेवतां ओट्यावरील फळीच्या खालच्या अंगास बसविला कीं सांवलीचा प्रश्न सुटतो. दिव्याइतकेंच काम भिंत करते. स्वच्छ पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा ऐंशींच्या आसपास परत देते. काजळलेली भिंत त्यांतील बहुतेक गिळून टाकते.

भिंतीस चुना देणें हें घरच्या घरीं होण्याजोगें काम आहे. प्रथम धुण्याचा सोडा गरम पाण्यांत विरघळवून, हातांत रबरी मोजे घालून, तेलकटपणा घासून काढावा व साध्या पाण्यानें भिंत धुवावी. कळीचा चुना घरीं विरवूं नये. पाणी पडतांच तो उकळतो, आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टीस अपाय होतो. विरवलेल्या चुन्याची पूडच आणावी, ती पाण्यांत कालवून जाड कापडांतून गाळावी आणि दुधाइतकी पातळ ठेवावी. भिंत ओली करून हात द्यावा. जाड एका हातापेक्षां एकेक दिवसाच्या अंतरानें दिलेले पातळ तीन हात अधिक टिकतात, कारण हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू घट्ट होत असतो. भिंतीवर आधींचा तेलरंग असेल तर मात्र चुना धरत नाहीं. तेथें कांचकागदानें घासून पुनः तेलरंगच द्यावा. शेगडीमागील हातभर जागेंत दुकानांत शिल्लक उरलेल्या गुळगुळीत फरश्या बसविल्यास फोडणीचे डाग फडक्यानें निघतात.

तिसरी गोष्ट हवेची. धुराचा प्रश्न या भागांत जुना आहे. १९५६ सालापर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यांत होता. आणि त्याच हैदराबादेंतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेंत डॉ. एस्. पी. राजू यांनीं १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत धूर नळीवाटें घराबाहेर नेणारी मातीची चूल तयार केली होती. आज शहरांत घरोघर गॅस आला, तरी तळणाची व फोडणीची वाफ अजून छातींत जाते. ऊन हवा वर चढते, म्हणून ती बाहेर टाकणारा नऊ इंची पंखा शेगडीच्या वर, छताच्या जवळ असावा. असा पंखा दीड-दोन हजार रुपयांत येतो. मात्र समोरच्या बाजूनें ताजी हवा आंत येण्यास वाट नसेल, तर पंखा नुसता आवाज करील. गॅसचें उलट आहे. तो हवेपेक्षां जड असल्यानें गळल्यास जमिनीलगत सांचतो. यासाठीं दाराखालीं फट किंवा भिंतीच्या तळाशीं झरोका असावा आणि सिलिंडर बंद कपाटांत कधींही ठेवूं नये. सिलिंडर जमिनीवर, शेगडी त्याहून उंच, आणि रबरी नळी दर पांच वर्षांनीं नवी, हे नियम सुधारणेच्या उत्साहांत मोडूं नयेत.

चौथी गोष्ट फळ्यांची. रोज लागणाऱ्या वस्तु गुडघ्यापासून डोळ्यापर्यंतच्या पट्ट्यांत असाव्या. जड वस्तु त्याच्या खालच्या भागांत, आणि वर्षांतून चारदां लागणाऱ्या तेवढ्या माळ्यावर. फळी नऊ इंचांहून रुंद नको. रुंद फळीवर डब्यांमागें डबे लपतात, आणि मागच्या डब्यांतील डाळीस कीड लागेपर्यंत ती आठवत नाहीं. फळी सरळ बसावी यासाठीं महागडी पाणसळ लागत नाहीं. दहा फूट पारदर्शक नळींत पाणी भरून तिचीं दोन टोंकें भिंतीवर धरावीं. दोन्हींकडील पाणी जेथें स्थिर होईल तेथें खुणा कराव्या. भिंतीस भोंक पाडून त्यांत प्लास्टिकची गिट्टी ठोकावी व तिच्यांत स्क्रू पिळावा. नुसता खिळा गिलाव्यांत टिकत नाहीं. विजेच्या बटणांच्या सरळ वर-खालीं आणि नळाच्या आसपास भोंक पाडूं नये, तेथें तारा किंवा नळ असण्याचा संभव असतो.

पांचवी गोष्ट या शहराची खास, ती पाण्याची. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं वसविलेल्या खडकीस नहरींनीं पाणी दिलें. आजच्या नगरास तें पैठणच्या जायकवाडी धरणांतून येतें. परंतु गेलीं कित्येक वर्षें नळास पाणी कांहीं दिवसांच्या अंतरानें येत आलें आहे, आणि म्हणून पाण्याचें पिंप हेंच येथील स्वयंपाकघरांतलें सर्वांत मोठें सामान होऊन बसलें आहे. दोनशें लिटरचें भरलेलें पिंप दोनशें किलोंहून जड असतें. त्यास विटांचा किंवा लोखंडाचा दीड फूट उंच, भक्कम चौथरा करावा आणि तळापासून दोन इंचांवर तोटी बसवावी. गाळ खालीं राहतो, वांकून पाणी उपसणें थांबतें, आणि पाण्यांत हात बुडत नाहीं. झांकण घट्ट असावें. पाणी येण्याच्या आधीं, आठवड्यांतून एकदां तरी, पिंप रिकामें करून आंतून घासून कोरडें करावें. डासाचें अंडें उडता डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, तेवढी सवड त्यास देऊं नये.

स्वतः काय करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. विजेची नवी जोडणी वायरमनकडून, गॅसची जोडणी अधिकृत माणसाकडून, आणि भिंत पाडणें जाणत्या गवंड्यास विचारल्यावांचून नाहीं. येथें वांचविलेले चार पैसे फार महाग पडतात.

या साऱ्याचा हिशेब केला तर दिवा, पंखा, चुना व कुंचला, दोन फळ्या, पाट आणि पिंपाची तोटी व चौथरा मिळून सहा-सात हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. तोही एकदम करण्याची गरज नाहीं. वहीच्या क्रमानें महिन्यास एक काम घेतलें, तर कर्ज न काढतां अर्ध्या वर्षांत खोलीचें रूप पालटतें. मात्र हीं कामें केवळ गृहिणीच्या माथीं मारूं नयेत. ज्या पुरुषानें फळी ठोकतांना एकदां ओट्यापुढें चार तास उभे राहून पाहिलें, त्यास तेथें रोज उभें राहणाऱ्याच्या पाठीचें दुःख निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. काम संपल्यावर तीच वही पुनः काढावी, तोच स्वयंपाक, त्याच रेघा. त्या पहिल्याहून कमी भरल्या, तर सुधारणा झाली असें समजावें. न भरल्या, तर रंग कितीही सुरेख दिसो, काम अजून बाकी आहे.