'क्रेडिट' म्हणजे पैसे आले की गेले?



बँकेचा मेसेज येतो, 'तुमच्या खात्यात १०,००० रुपये क्रेडिट झाले.' आपण खूश! तासाभराने गिऱ्हाईक म्हणतं, 'शेठ, हे क्रेडिटवर द्या.' आता माल गेला, पैसे मात्र आलेच नाहीत. शब्द एकच, मग एकदा आनंद आणि एकदा धाकधूक असं का?

हा शब्द मूळचा लॅटिन. 'क्रेडेरे' म्हणजे विश्वास ठेवणं, 'क्रेडिटुम' म्हणजे विश्वासाने सोपवलेली गोष्ट, कर्ज. फ्रेंचमार्गे तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. आपल्याकडे हाच अर्थ 'पत' या शब्दात आहे, म्हणून तर पतपेढी, पतपुरवठा. आणि 'उधार' आलाय संस्कृत 'उद्धार'वरून. (कोणाचा उद्धार होतो, ते तुम्हीच सांगा!)

आता तो बँकेचा मेसेज परत बघा. खात्यात पैसे ठेवले म्हणजे तुम्ही बँकेवर विश्वास टाकला. बँकेच्या वहीत तुम्ही धनको, बँक ऋणको, म्हणून नोंद 'क्रेडिट'ची. दुकानात उधार देता तेव्हाही धनको तुम्हीच! दोन्हीकडे विश्वास तुमचाच. फक्त बँकेने पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाचं असतं 'बघू पुढच्या आठवड्यात'.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी गाळे आहेत. समजा, तिथे तुमचं पॉलिशिंगचं जॉबवर्क आहे. कारखानदाराने ४०,००० रुपयांचं काम करून घेतलं, पैसे देणार तीन महिन्यांनी. तोपर्यंत कारागिरांची मजुरी, वीजबिल, गाळ्याचं भाडं तुमच्या खिशातून. थोडक्यात काय, तुमच्यापेक्षा मोठ्या माणसाला तुम्ही बिनव्याजी कर्ज दिलंत.

यासाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल आणि उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करार करूनसुद्धा पेमेंटची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मात्र हे संरक्षण उत्पादन करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसती खरेदी-विक्री करत असाल तर ते धरून चालू नका. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. ती आधीच करून ठेवा, वाद झाल्यावर धावपळ नको.

'जुनं गिऱ्हाईक आहे सर, तोंडावर कसं बोलायचं?' हा प्रश्न हमखास येतो. बोलू नका, छापा! बिलावर उद्यम नंबर, त्याखाली 'पेमेंटची मुदत ३० दिवस'. आणि माल पोचला की चलनावर सही आणि तारीख घ्याच, कारण कायद्याचे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात.