बॉक्स फॉर्मेशन आणि पानिपतचा गोल

‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळत असाल, तर चार बटणं तुमच्या बोटांना पाठ असणार. लाईन, बॉक्स, स्टॅगर्ड, फ्लँक. सैन्य सिलेक्ट केलं, बटण दाबलं की भालेवाले पुढे, तिरंदाज मागे, सगळे गुमान आपापल्या जागी. समोरून दगड फेकणारं यंत्र आलं की स्टॅगर्ड करून माणसं विरळ करायची. नाजूक युनिट्स जपायची असतील तर बॉक्स करून त्यांना मधे घ्यायचं. गेम आला १९९९ मध्ये, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधी. तरी आजही पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री त्यात सैन्य लावत बसलेली असतात.

आता एक प्रयोग करा. याच गेमच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये आपला वसईचा किल्ला बांधा. रीलसाठी इतक्यांदा गेला आहात की नकाशा डोळ्यांसमोर असेलच. तीन बाजूंना पाणी, उत्तरेकडे काय ती जमीन. आत पोर्तुगीज, बाहेर तुम्ही, म्हणजे चिमाजी आप्पा. हं, लावा फॉर्मेशन!

काहीही उपयोग होत नाही. बॉक्स लावा, फ्लँक लावा, तटावरून तोफा तुम्हाला भाजून काढणार. खऱ्या मोहिमेतही हेच झालं. १७३७ मध्ये वसईवरचे पहिले हल्ले फसले. फेब्रुवारी १७३९ मध्ये आप्पा स्वतः वसईसमोर येऊन बसले आणि मग जे सुरू झालं ते गेममध्ये कुणी हौसेनं खेळणार नाही. मोर्चे बांधायचे, वरून मारा होत असताना जमीन खणत तटापर्यंत जायचं, बुरुजांखाली सुरुंग पेरायचे. हे तीन महिने! मे महिन्यात सुरुंग उडाले, सेबॅस्टियन बुरुजाकडे खिंडार पडलं, माणसं आत घुसली. पण सगळे सुरुंग एका वेळी उडाले नाहीत. काही उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसं गेली. शेवटी किल्ला मिळाला, पण त्यासाठी हजारो माणसं मेली किंवा जखमी झाली. घोड्यावर वाढलेल्या सैन्याला आप्पांनी पायउतार करून मातीत खणायला लावलं, आणि ते सैन्य तीन महिने तिथे टिकलं. माझ्या मते वसईची खरी कमाल ही आहे. तिला बटण नाही.

या वेढ्यात मल्हारराव होळकर होते, हे लक्षात ठेवा. आणि आप्पांचा मुलगा सदाशिव तेव्हा पुरता नऊ वर्षांचाही नव्हता.

हाच सदाशिव पुढे सदाशिवरावभाऊ म्हणून १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर उभा राहिला, आणि त्यानं जे लावलं ते म्हणजे तुमचं बॉक्स फॉर्मेशन. त्याला गोल म्हणायचे. बाहेरच्या कडेला तोफा आणि इब्राहिमखान गारद्याचे फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले बंदूकवाले, घोडदळ आपापल्या जागी, आणि मधे बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. असा अख्खा चौकोन न मोडता लढत लढत शत्रूच्या फळीतून वाट काढायची. मल्हाररावांसारख्या जुन्या मंडळींना हा प्रकार पसंत नव्हता. त्यांचं आयुष्य गनिमी काव्यात गेलेलं. झटकन जायचं, मारायचं, निसटायचं.

गेममधली एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. फॉर्मेशनमध्ये सगळे जण सर्वांत हळू चालणाऱ्या युनिटच्या वेगानं चालतात. घोड्यांबरोबर एक तोफ घेतलीत की घोडेही रांगू लागतात, आणि आपण वैतागून फॉर्मेशन सोडून देतो. पानिपतावर तो वेग होता बैलांनी ओढायच्या तोफांचा आणि छावणीतल्या उपाशी माणसांचा. अडीच महिने अडकून पडलेल्या सैन्याची रसद संपली होती.

तरीही सकाळी गोल चालला. डाव्या बाजूला गारद्यांनी रोहिल्यांची कत्तल केली. मग विंचूरकर आणि गायकवाडांच्या घोडेस्वारांना राहवलं नाही. मागे हटणारा शत्रू दिसला, त्यांनी जागा सोडून घोडी घातली. आता गारद्यांच्या बंदुकांसमोर आपलेच स्वार! गोळीबार थांबला, रोहिल्यांनी स्वारांना मागे रेटलं, चौकोनाला भगदाड पडलं. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत घुसला, आणि गोल उरलाच नाही.

विंचूरकरांना दोष देणं सोपं आहे. पण विचार करा, पळणाऱ्या शत्रूवर घोडं घालणं हेच त्यांना जन्मभर शिकवलेलं होतं. विरार लोकलचंच बघा. अंधेरीला उतरायचं तर किती आधीपासून दाराकडे सरकायचं, बॅग पुढे कशी घ्यायची, ‘पुढचे उतरणार का?’ कधी विचारायचं, हे फॉर्मेशन आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. रोज करून अंगात भिनलंय. त्यात एक नवखा मधेच थांबला की सगळं ठप्प. गारद्यांची कवायत अशी भिनलेली होती. शेजारच्या स्वारांची नव्हती.

याबाबत ‘एज’पेक्षा ‘एम्पायर: टोटल वॉर’ जास्त खरा वाटतो. २००९ चा हा गेम, आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं. इथे चौकोन आयता मिळत नाही, आधी त्यावर संशोधन करावं लागतं. शिवाय प्रत्येक तुकडीला धीर असतो. सेनापती पडला की तो खचतो, आणि मग तुम्ही कितीही क्लिक करा, माणसं पळत सुटतात. फक्त त्यातही तुमच्या चौकोनाच्या मधे बायका आणि यात्रेकरू नसतात.

तर आज रात्री ‘एज’मध्ये पानिपत लावून बघा. तोफा, बंदूकवाले, घोडदळ, सगळ्यांना एकाच बॉक्समध्ये घ्या. नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. घोडे एकदाही मोकळे सोडायचे नाहीत, समोर शत्रू पळताना दिसला तरी. किती मिनिटं तुम्हाला राहवतं, ते मोजा.